माझी आजी कुठे आहे?

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांतली चार पत्रं एकाच गोष्टीची निघाली : नरक. म्हणून या वेळी बाकीची पत्रं पुढच्या अंकासाठी ठेवली आहेत. नावं अर्थातच दिलेली नाहीत.

प्रश्न : पाळकसाहेब, सलाम. मी नेवासा तालुक्यातली. बारा वर्षांपूर्वी मी आणि माझ्या मालकांनी बाप्तिस्मा घेतला. मला आजीनं वाढवलं. ती माळकरी. हातपाय चालत होते तोवर पायी वारी केली. दारात रांजण असायचा, वाटसरूला पाणी पाजल्याशिवाय ती पुढे जाऊ द्यायची नाही. माझ्या बाप्तिस्म्यावरून घरात भांडण पेटलं, तेव्हा एकटी तीच म्हणाली, "पोरीला देव गावला, तुम्ही का आडवं पडता?" गेल्या आषाढात ती ८८ वर्षांची होऊन गेली. मागच्या महिन्यात आमच्याकडच्या प्रार्थनासभेत एका प्रचारकानं सांगितलं की, बाप्तिस्मा न घेता मेलेले आपले सगळे वाडवडील या क्षणी आगीत आहेत आणि दार आता बंद झालंय. माझी आठ वर्षांची मुलगी मांडीला मांडी लावून बसली होती. त्या रात्रीपासून ती विचारते, "पणजी जळतेय का?" चुलीपुढं बसलं की माझ्याही डोळ्यांपुढं तेच येतं. सगळ्यांचं तारण होईल असं मानणारेही ख्रिस्ती आहेत असं ऐकलं. ते खोटं शिक्षण आहे का? आणि वर्षश्राद्धाला माहेरी जाऊ की नको?

उत्तर : ताई, आधी मुलीचं. हा अंक हातात पडेल त्याच रात्री तिला कुशीत घ्या आणि सांगा, "नाही, पणजी जळत नाही. पणजी देवाच्या हातात आहे, आणि देव येशूसारखा आहे." 'मला माहीत नाही' असं तिला सांगू नका. अंधारात पडलेल्या आठ वर्षांच्या पोरीला 'माहीत नाही' म्हणजे 'हो' असंच ऐकू येतं. तुमची समजूत घालायची म्हणून मी हे लिहीत नाही. एकेचाळीस वर्षं पाळकपण केलं, कितीतरी माणसांच्या कबरींवर पहिली मूठ माती टाकली. त्या मातीची शपथ घेऊन जे सांगता येईल तेवढंच सांगतो.

तो प्रचारक मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या २५ व्या अध्यायावरून बोलला असावा. नरकाचा उपदेश बहुतेक वेळा तिथूनच निघतो. ४६ वं वचन : एकीकडे सार्वकालिक शिक्षा, दुसरीकडे सार्वकालिक जीवन. वचन खरं आहे, कडकही आहे. पण ते गोष्टीचं शेवटचं वाक्य आहे, आणि गोष्ट ३१ व्या वचनापासून सुरू होते. तिथून वाचा. राजा सगळ्या राष्ट्रांना समोर उभं करतो आणि विचारतो काय? बाप्तिस्म्याचा दाखला तो मागत नाही. भुकेल्याला खायला कुणी दिलं, तहानेल्याला पाणी कुणी पाजलं, परक्याला घरात कुणी घेतलं, हे विचारतो. आणि उजव्या हाताचे लोक गोंधळून म्हणतात, प्रभो, आम्ही तुला कधी तहानेला पाहिलं? त्यांना ठाऊकच नव्हतं! आपण कुणाला पाणी पाजतोय हे न कळताच त्यांनी पाजलं होतं. ताई, तुमच्या पत्रात तो रांजण तुम्हीच लिहिलाय. नरकाच्या धाकासाठी जो अध्याय वापरला गेला, त्यातच तुमची आजी बसलेली आहे, आणि डाव्या, शिक्षेच्या बाजूला नाही.

आता 'दार बंद झालं' याविषयी. दर रविवारी आपण उभं राहून प्रेषितांचा विश्वासांगीकार म्हणतो. 'तो अधोलोकात उतरला' हे वाक्य आपल्या तोंडून इतकं भरभर जातं की तिथं कुणी थांबत नाही. तो तिथं कशाला उतरला? पेत्राच्या पहिल्या पत्रात तिसरा अध्याय १९ वं वचन आणि चौथा अध्याय सहावं वचन काढा. बंदीत असलेल्या आत्म्यांना त्यानं घोषणा केली, मेलेल्यांनाही सुवार्ता सांगितली गेली, असं तिथं आहे. विद्वानांनी या वचनांचे अनेक अर्थ लावले आहेत, मी काही मोठा विद्वान नाही. पण जिथं माझा प्रभू स्वतः जाऊन आला, ते दार त्याला बंद आहे असं मी कुठल्याही कबरीशेजारी उभं राहून म्हणू शकलो नाही.

तुमचा सरळ प्रश्न : सर्वांचं तारण होईल हे खोटं शिक्षण आहे का? मी काही लपवणार नाही. पश्चिमेकडच्या ख्रिस्तमंडळीनं बहुतांशी ते मानलं नाही. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या ओरिजेन या धर्मपंडितानं ही आशा मोठ्या विस्तारानं मांडली. ५४३ साली सम्राट जस्टिनियननं त्याच्या मतांचा धिक्कार केला आणि ५५३ च्या कॉन्स्टॅन्टिनोपलच्या परिषदेत त्याचं नाव पाखंड्यांच्या यादीत गेलं. संत ऑगस्टीन तर म्हणतात की शिक्षा आणि जीवन या दोहोंना एकाच वचनात एकच शब्द लावलाय, मग एक संपणारं आणि दुसरं न संपणारं कसं? हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण त्याच ऑगस्टीननी आपल्या काळाविषयी लिहून ठेवलंय की, कधीच न संपणाऱ्या शिक्षेवर विश्वास न ठेवणारे दयाळू लोक पुष्कळ आहेत. ही विरोधकाची साक्ष आहे. आणि निस्साचा ग्रेगरी, चौथ्या शतकातला बिशप, ज्यानं सगळ्यांच्या पुनःस्थापनेची आशा उघड लिहिली, तो आजही संत म्हणूनच गणला जातो. म्हणजे ही आशा धरणारा मंडळीबाहेर पडतो असं म्हणता येत नाही. मी ती धरतो. 'जसे आदामामध्ये सर्व मरतात तसेच ख्रिस्तामध्ये सर्व जिवंत केले जातील.' पहिल्या 'सर्व'मध्ये कुणी सुटत नसेल, तर दुसऱ्या 'सर्व'मधून तुमच्या आजीला काढायचं कुठल्या शब्दावरून?

आणि हा तुमचा प्रश्न आपल्या जिल्ह्याला नवा नाही. रॉबर्ट ॲलन ह्यूम हे नाव नगरच्या जुन्या ख्रिस्ती घरांत अजून निघतं. १८४७ साली मुंबईत जन्मलेले हे मिशनरी १८७४ साली नगरला आले, १८७८ साली तिथं त्यांनी पाळक घडवणारी सेमिनरी काढली. १८८६ साली ते रजेवर अमेरिकेत होते. तिथं तेव्हा अँडोव्हर सेमिनरीच्या प्राध्यापकांवरून रण माजलं होतं. ते म्हणत, ज्याला या जन्मात ख्रिस्ताची ओळखच झाली नाही त्याला मरणानंतर देव ती संधी देईल अशी आशा का धरू नये? हे सर्वांच्या तारणाइतकं पुढं गेलेलं मत नव्हतं, तरी लोक खवळले. ह्यूमसाहेब त्या मताविषयी सहानुभूतीनं बोलले आणि बोस्टनच्या मिशन बोर्डानं त्यांचं हिंदुस्थानात परत येणंच रोखून धरलं. असं शिकवलं तर मिशनकार्याची नसच कापली जाईल, मग माणसं समुद्र ओलांडून जातील कशाला, असा आक्षेप होता. १८८७ मध्ये अखेर त्यांना परवानगी मिळाली. पुढं काय झालं ते नगरनं पाहिलं. नस काही कापली गेली नाही. पुढची कित्येक दशकं ते नगरलाच राबले, १८९९-१९०० च्या दुष्काळातल्या कामासाठी सरकारनं त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिलं. माझा कयास असा की, नव्यानं बाप्तिस्मा घेतलेली माणसं त्यांच्या ओट्यावर येऊन हेच विचारत असणार : साहेब, माझी आई? माझा बाप? बोस्टनमध्ये बसून त्याचं उत्तर देणं निराळं आणि त्या माणसाच्या डोळ्यांत बघून देणं निराळं.

त्याच सेमिनरीत पुढं नारायण वामन टिळकांनी शिकवलं. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. तुमची आजी जन्मभर त्याच पुलावरून चालली. ती कुणाला हाक मारत होती ते तिचं तिला ठाऊक. ती हाक ऐकणारा कसा आहे, एवढं मला ठाऊक आहे.

वर्षश्राद्धाला जा. जे तुमच्या श्रद्धेत बसत नाही ते करू नका, आणि ते न करताना तोंड वाकडं करू नका. चुलत्यांच्या हाताला हात लावून स्वयंपाक करा, पंगतीत वाढा, आणि मुलीला बरोबर न्या. तिला तो रांजण दाखवा.

प्रश्न : मी पुण्यात शिकतो. आमच्या पणजोबांना गावच्या विहिरीवर पाणी भरू दिलं नाही, एकदा भरलं म्हणून झोपडीला आग लावली. सर्वांचं तारण म्हणजे ते आग लावणारेही त्याच पंगतीत? मग न्याय कुठं गेला? आणि नरक नसेल तर कुणी भ्यायचं कशाला?

उत्तर : बाळा, तुझा राग मला पटतो, आणि तो देवालाही पटत असणार. अग्नी नाही असं मी कुठंही म्हटलेलं नाही. तो कशासाठी आहे, एवढाच माझा प्रश्न आहे.

वर ज्या ग्रेगरीचं नाव घेतलं त्याची बहीण मॅक्रिना ३७९ साली मरणशय्येवर होती. त्या दोघांचं बोलणं म्हणून त्यानं जे लिहिलं, त्यात तिच्या तोंडी एक उपमा आहे. चिखल वाळून घट्ट बसलेला दोर आहे, आणि कुणीतरी तो एका बारीक भोकातून ओढून काढतोय. दोर तर बाहेर यायलाच हवा, पण चिखल खरवडला गेल्याशिवाय तो येत नाही. जितका चिखल जाड तितकी ओढ जीवघेणी. मोटेचा नाडा ज्यानं हातानं ओढलाय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. आणि सातव्या शतकात निनवेच्या इसहाक या बिशपनं लिहिलं की, गेहेन्नात, म्हणजे नरकात, माणसाला जे फटके बसतात ते प्रीतीचे असतात : ज्याच्यावर प्रेम करायला हवं होतं त्याचाच आपण घात केला, ही जाणीव. मला त्या दोघांचं पटतं. ज्यानं तुझ्या पणजोबांची झोपडी पेटवली, तो त्या पंगतीला येईल तर तुझ्या पणजोबांच्या समोरून येईल. सगळं ऐकून घेईल, सगळं कबूल करील, स्वतःच्या हातानं विहिरीचं पाणी शेंदून त्यांना देईल. त्यानंतरच त्याला पान मांडलं जाईल. याला तू सोपी सुटका म्हणशील का?

मलाही एका माणसासाठी नरक हवा होता. माझ्या विधवा बहिणीचं दोन एकर रान त्यानं खोट्या अंगठ्यावर लिहून घेतलं. तो मेला तेव्हा त्याच गावात असूनही मी मातीला गेलो नाही. बरीच वर्षं मी त्याला मनातल्या मनात जाळत होतो. मग कधीतरी ध्यानात आलं की मला त्याचं जळणं नकोच आहे. त्यानं माझ्या बहिणीसमोर उभं राहून 'अक्का, मी खोटं केलं' एवढं म्हणायला हवंय. कायमचा जळत राहिला तर ते वाक्य बहिणीला कधीच ऐकायला मिळणार नाही.

भीतीचं म्हणशील तर ती नेहमी भलत्याच माणसाला धरते, हे मी मरणाच्या खाटांशेजारी बसून पाहिलंय. मुलींच्या शाळेत पस्तीस वर्षं शिकवलेल्या एक बाई, अर्धा पगार पोरींच्या वह्यापुस्तकांत घालवलेल्या, शेवटच्या आठ रात्री माझं मनगट घट्ट धरून एकच विचारायच्या, "जीवनाच्या पुस्तकात माझं नाव असेल ना, पाळक?" त्यांच्या नखांचे वळ सकाळपर्यंत राहायचे. आणि ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना नाडलं, असे दोघेतिघे मी शांतपणे जाताना पाहिले. नरकाच्या उपदेशानं त्यांची एका रात्रीची झोपही गेली नव्हती. येशूनं नरकाचा इशारा दिला तो आपल्या शिष्यांना आणि स्वतःला नीतिमान समजणाऱ्यांना, तोंडावर, जिवंतपणी. दुसऱ्याच्या मेलेल्या माणसावर त्यानं तो कधी उगारला नाही.

प्रश्न : आम्ही वसईचे, कॅथलिक. रोज संध्याकाळी रोझरीच्या जपात दहा-दहा प्रार्थनांच्या प्रत्येक दशकानंतर म्हणतो : नरकाच्या अग्नीपासून आम्हाला वाचव, सर्व आत्म्यांना स्वर्गात ने. एकाच दमात दोन्ही कसं? आमच्या चर्चनं काय सांगितलंय?

उत्तर : ही प्रार्थना पोर्तुगालमधल्या फातिमा गावच्या मुलांकडून आली. १३ जुलै १९१७ रोजी नरकाचं दर्शन घडल्यानंतर त्यांना ती शिकवली गेली, असं मानतात. म्हणजे नरक बघितलेल्या पोरांच्या तोंडी 'सर्व' हा शब्द दिला गेला. मी प्रोटेस्टंट, तुमच्या घरचं मी सांगणं बरं दिसत नाही, पण वसईतले माझे एक मित्र फादर आहेत. त्यांनी मला इतकं स्पष्ट करून दिलंय : नरक आहे आणि तो कायमचा आहे, असंच तुमची ख्रिस्तसभा शिकवते. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात तसं आहे. पण देव कुणालाही नरकासाठी नेमत नाही, हेही त्याच ग्रंथात आहे. तुमच्याकडे संतांची यादी आहे, नरकात गेलेल्यांची यादी मात्र ख्रिस्तसभेनं कधीच केली नाही, एकाही नावाची. पोप जॉन पॉल दुसरे यांनी जुलै १९९९ मध्ये सांगितलं की नरक ही जागा म्हणण्यापेक्षा देवापासून स्वतःहून कायमचं तुटल्याची अवस्था आहे. यात 'सर्वांचं तारण होणारच' असं ठामपणे म्हणायला जागा नाही. सर्वांसाठी मागायला मात्र पूर्ण जागा आहे, आणि तुम्ही ते रोज पाच वेळा मागता. मागत राहा.

प्रश्न : आमच्या चर्चच्या कपाटात 'रुंद वाट, अरुंद वाट' हा जुना कापडी तक्ता सापडला. संडे स्कूलमध्ये लावू का? काही पालक म्हणतात लावा, मुलं वळणावर येतील.

उत्तर : बाई, लावू नका. कारण सांगतो, जरा मोठं आहे.

या चित्राचा मूळ नमुना १८६० च्या दशकात जर्मनीत श्टुटगार्टला निघाला, आणि पुढं तो देशोदेशी गेला. खाली दोन दारं. एका बाजूनं रुंद वाट, तिच्यावर दारूचा गुत्ता, नाटकगृह, जुगार, आणि शेवटी जळणारं शहर. दुसरीकडे अरुंद पायवाट. सगळ्यांच्या वर त्रिकोणात एक डोळा. दौंडला माझ्या लहानपणी संडे स्कूलच्या भिंतीवर असाच तक्ता होता. रुंद वाटेच्या वरच्या टोकाला, आगीच्या अगदी जवळ, एक रेल्वेगाडी होती. ती तिथं का, असं मी शिक्षकांना विचारलं. ते म्हणाले, शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा पवित्र दिवस, मोडून रविवारी जाणारी गाडी आहे ती.

माझे वडील रेल्वेत फायरमन होते. दौंड-मनमाड मालगाडीवर. महिन्यातले दोन-तीन रविवार तरी ड्यूटी असायचीच. मी तेव्हा आठ वर्षांचा. त्या रात्री मी जेवलो नाही. पुढच्या शनिवारी त्यांचे बूट ज्वारीच्या कणगीत नेऊन पुरले. बूट नसले की गाडीवर जाता येणार नाही, इतकी सरळ माझी अक्कल. पहाटे सगळं घर पालथं झालं, आईनं कणगी उपसली. वडिलांनी विचारलं, मी सांगितलं. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. बुटांतली ज्वारी झटकली आणि ड्यूटीवर गेले.

सुट्टीच्या दिवशी त्यांनी मला लोकोशेडमध्ये नेलं. एक इंजिन वाफ धरून उभं होतं. मला कडेवर घेऊन ते वर चढले आणि भट्टीचं झाकण उघडलं. ती धग आजही गालावर आहे. पांढरट पिवळी आग, आणि तिचा आवाज, घोंघावल्यासारखा. लगेच मला मागं ओढून त्यांनी झाकण लोटलं.

"यात कुत्र्याचं पिल्लू टाकशील?"

"नाही."

"मी टाकीन?"

"नाही."

"मग त्याला माझ्यापेक्षा वाईट समजतोस व्हय रं?"

असं म्हणून हातातल्या तेलकट चिंधीनं त्यांनी माझं तोंड पुसलं. ते चौथी शिकलेले. 'तुम्ही वाईट असूनही आपल्या मुलांना चांगलं द्यायचं जाणता, तर स्वर्गातला बाप किती अधिक देईल' हा लूकच्या ११ व्या अध्यायाचा अर्थ आपण सांगतोय, हे त्यांना बहुधा ठाऊक नव्हतं. मला ते सेमिनरीत कळलं. आणि आणखी एक कळलं. येशू ज्याला गेहेन्ना म्हणतो, आणि आपल्या पवित्र शास्त्रात ज्याचं 'नरक' झालं, ते यरुशलेमेला लागून असलेलं हिन्नोमाचं खोरं. तिथं एके काळी बापांनी आपली मुलंमुली आगीत होमली होती. त्याविषयी यिर्मयाच्या सातव्या अध्यायात देव म्हणतो की, हे मी सांगितलं नव्हतं, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. मी ते वचन प्रथम वाचलं तेव्हा मला भट्टीचं झाकण लोटल्याचा आवाज ऐकू आला.

मुलांना वळण लावायचं तर शंभर मेंढरांची गोष्ट सांगा. लूक १५, चौथं वचन. मेंढपाळ हरवलेल्याच्या मागं कुठवर जातो? 'ते सापडेपर्यंत.' हा शब्द मुलांकडून दहादा वदवून घ्या, त्यांना हरवाहरवीचा खेळ आवडतो, तोच खेळा. पालकांना माझं हे उत्तर वाचून दाखवा, आणि पटलं नाही तर मला जरूर लिहायला सांगा.

तक्ता मात्र जाळू किंवा फाडू नका, डांबराच्या गोळ्या घालून गुंडाळून ठेवा. आणि एक विनंती. रुंद वाटेच्या वरच्या टोकाला तुमच्या तक्त्यातही गाडी आहे का, तेवढं बघून कळवा.